काळोखाचा राजपुत्र आणि एक निळी वायर

एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुधा हेक्टर. शोरूमच्या काचेमागे चकचकीत उभी असलेली, भलामोठा स्क्रीन असलेली, ‘बोलणारी’ गाडी. मला मात्र गेल्या नोव्हेंबरपासून एमजी म्हटलं की एक निळी वायर आठवते. जळून तपकिरी पडलेली, चिकटपट्टीत गुंडाळलेली, डॅशबोर्डच्या मागे लपून बसलेली.

मी सध्या इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला ऑटोमोटिव्ह इंजिनीअरिंगचं पुढचं शिक्षण घेतेय. शेजारच्या घरात एक ७४ वर्षांचे गृहस्थ राहतात. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणते. त्यांच्या गॅरेजमध्ये एक हिरवी, दोन सीटची, उघड्या टपाची एमजीबी आहे. १९६७ सालची. आजची एमजी चिनी मालकीची कंपनी आहे, पण एमजी ही अक्षरं आली ती ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’वरून. एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात बनत होती. रोडस्टर आणि टपवाली जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. म्हणजे ही राजेमहाराजांची गाडी नव्हे. त्या काळच्या इंग्लंडमधल्या नोकरदार तरुणाला पैसे साठवून घेता येईल अशी स्पोर्ट्‌स कार.

नोव्हेंबरात इथे संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो. वॉरिकहून आम्ही परत येत होतो. रिमझिम पाऊस, रस्त्याला दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना झाडी. आधी मला जळका वास आला. मी काही बोलणार तेवढ्यात समोरचा रस्ता नाहीसा झाला. दोन्ही हेडलाइट एकदम बंद. आजोबांनी दोनदा डिपर दाबून पाहिला, काही नाही. त्यांनी अंदाजाने गाडी डावीकडे गवतात घातली आणि थांबवली. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न मारत आम्हाला ओलांडलं. आम्ही दोघंही मिनिटभर गप्प होतो. मग पाच-सात मिनिटांनी दिवे आपोआप पुन्हा लागले!

घरी पोचल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, की आता ही विकायला काढतो. पस्तीस वर्षं सांभाळलेली गाडी. मी पटकन म्हणून गेले, ‘मी बघू का एकदा?’ त्यांची अट एकच होती. परत पूर्ववत करता येणार नाही असं काहीही करायचं नाही.

आधी डोकं, मग पक्कड

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं नाव काढलं की इथे लोक हसायला लागतात. या गाड्यांचं वायरिंग, डायनॅमो, दिवे, स्विच बहुतेक सगळं बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं. आणि या लुकासला गाडीवेड्यांनी नाव ठेवलंय ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’, म्हणजे काळोखाचा राजपुत्र. लुकासच्या स्विचला तीन पोझिशन असतात म्हणे: मंद, लुकलुक आणि बंद. दुसरा विनोद असा, की वायरमधून वीज नाही, धूर वाहत असतो. एकदा का धूर बाहेर आला की गाडी बंद पडते, आणि तो परत आत भरता येत नाही.

ऐकायला मजा येते. पण काम करून झाल्यावर माझं मत बदललंय. साठ वर्षांपूर्वीची वस्तू, तिच्यावर चार-पाच मालकांनी आपापल्या अकलेनुसार केलेले प्रयोग, आणि खापर फुटतं कारखान्यावर. हे काही बरोबर नाही.

आता तुम्हीच विचार करा. दोन्ही हेडलाइट एकदम गेले. दोन्ही बल्ब एकाच सेकंदाला उडणं जवळजवळ अशक्य, म्हणजे बल्बचा दोष नाही. साइडलाइट मात्र चालू होते. म्हणजे बॅटरीपासून लाइटच्या स्विचपर्यंत वीज येत होती. डिपर दाबूनही ना लो बीम, ना हाय बीम. म्हणजे गडबड डिपरच्या आधीच आहे, कारण डिपरच्या पुढे दोघांच्या वायरी वेगळ्या होतात. मग उरलं काय? लाइटच्या स्विचमधला हेडलाइटचा कॉन्टॅक्ट, आणि तिथून डिपरपर्यंत जाणारी एकच वायर. शिवाय दिवे पाच-सात मिनिटांनी परत लागले. म्हणजे काहीतरी तापून सुटतंय आणि थंड झालं की पुन्हा चिकटतंय. एकही स्क्रू न फिरवता आपण अख्ख्या गाडीतून दीड-दोन फूट वायरीपर्यंत आलो! जुन्या गाडीचं हेच सुख आहे. लॅपटॉप लावून एरर कोड वाचायचा नसतो. प्रत्येक दिव्याची वायर बोटाने माग काढत बॅटरीपर्यंत नेता येते.

आणि माग काढायला रंग मदतीला असतात. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचा रंगांचा ठरलेला नियम आहे. तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीची, कायम जिवंत, मध्ये फ्यूज नाही. जांभळी म्हणजे कायम जिवंत पण फ्यूजमधून आलेली. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, आणि ती फ्यूजमधून गेली की पुढे हिरवी होते. लाल साइडलाइटची. काळी अर्थची. निळी हेडलाइटची. डिपरच्या पुढे निळीवर पांढरी रेघ आली तर हाय बीम, लाल रेघ आली तर लो. दोन संध्याकाळी घालवल्या की पाठ होतं.

म्हणजे आपली संशयित निळी वायर.

मामाचा व्हिडिओ कॉल

माझा मामा पुण्यात नाना पेठेत ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. चाळीस वर्षं अँबॅसिडर, फियाट, जीप केल्या त्याने. शनिवारी सकाळी मी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि बॉनेट उघडलं. दोन सेकंद शांतता. मग मामा ओरडलाच, ‘अगं, हे तर अँबॅसिडरचं इंजिन!’

मामा चुकला नव्हता. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं आणि आपल्या जुन्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं, पण दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ या एकाच घराण्यातली. थोरला स्पोर्ट्‌स कारमध्ये गेला, धाकटा कोलकात्यात टॅक्सी झाला. लुकासचंही तेच. १९६१ मध्ये टीव्हीएससोबत चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि ते नाव आपल्या मेकॅनिकांच्या तोंडी रुळलं. त्यामुळे इथे ज्याला कंट्रोल बॉक्स म्हणतात, तो काळा डबा बघून मामा सहज म्हणाला, ‘हा कटआउट. याला हात लावू नकोस.’

मग त्याने विचारलं, ‘अर्थ बघितलास का?’

‘नाही रे, मला वायर सापडलीय, निळी...’

‘वायर कुठं पळून जात नाही. आधी अर्थ बघ.’

हे वाक्य मी तुमच्यासाठीही इथे ठेवते, कारण पुढच्या तीन शनिवारांत ते रोज खरं ठरलं. दिव्याकडे वीज जायला जशी वाट लागते तशीच परत यायलाही लागते. गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. काळी वायर जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते तिथे साठ वर्षांत गंज, रंग, माती साचते. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्याला अंगाशी जोडणारी एक जाड पट्टी असते. ती ढिली झाली तर सेल्फ मारताना वीज दुसरी वाट शोधते. कधी कधी ती चोकच्या केबलमधून जाते आणि केबल चटका बसेल इतकी तापते.

पण थांबा, सगळ्यात आधी बॅटरी सोडवायची. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. अंगठीने जिवंत वायर आणि पत्रा एकदम शिवले तर अंगठी क्षणात लाल होते, हे अतिशयोक्त नाही. आणि अर्थची वायर आधी काढा. कारण ती काढताना पाना चुकून अंगाला लागला तरी काही होत नाही. दुसरी आधी काढायला गेलात आणि पाना टेकला तर ठिणग्यांची आतषबाजी. या एमजीबीत तर गंमतच. सीटच्या मागे, जमिनीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्या काढायला पोटावर झोपून हात आत घालावा लागतो. ज्याने ही जागा निवडली त्याने स्वतः बॅटरी कधी बदलली नसावी.

अकरा वॅटची भट्टी

आता मोजमाप. साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी जोडून, हेडलाइट चालू ठेवून (बंद ठेवून मोजलंत तर काहीच कळणार नाही, वीज वाहतानाच दोष दिसतो) मी बॅटरीवर मोजलं: १२.४ व्होल्ट. हेडलाइटच्या बल्बवर: ९.९. अडीच व्होल्ट वाटेत गायब! तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पण फिलामेंटच्या बल्बचा हिशोब निष्ठुर असतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो. आमचं व्होल्टेज २० टक्के कमी होतं, म्हणजे प्रकाश अर्ध्याहूनही कमी. आजोबा इतकी वर्षं ‘आपले डोळेच गेले’ असं समजत होते.

अडीच व्होल्ट कुठे गेले हे शोधायला मीटरची एक टोकणी बॅटरीवर ठेवायची आणि दुसरी वाटेतल्या एकेका जोडावर पुढे नेत जायची. जिथे आकडा उडी मारतो, तिथे चोर. परतीच्या वाटेत, म्हणजे अर्थमध्ये, ०.६ सापडले. मामाला ही बातमी मी मुद्दाम जरा उशिरा दिली. बाकीचे जाण्याच्या वाटेत होते, आणि त्यातले १.४ व्होल्ट एकाच जागी, डॅशबोर्डच्या मागे, निळ्या वायरीवर.

डोकं खाली, पाय सीटवर, तोंडात टॉर्च अशा अवस्थेत मी ती जागा पाहिली. कुठल्या तरी आधीच्या मालकाने फॉगलाइट बसवायला निळी वायर कापली होती, दोन टोकं नुसती पिळून जोडली होती आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. फॉगलाइट कधीच गेले, पिळलेला जोड राहिला. त्यात नंतर कुणीतरी मूळ दिवे काढून जास्त वॅटचे हॅलोजन बसवले. दोन्ही मिळून ११० वॅट, आणि तो सगळा करंट त्या जोडातून. आता गुणाकार करा. १.४ व्होल्ट गुणिले साधारण ८ अँपिअर म्हणजे ११ वॅट. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी उष्णता, प्लॅस्टिक आणि जुन्या टेपच्या गुंडाळीत, तुमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर. आणि या गाडीत हेडलाइटला मुळात फ्यूजच नाही.

त्या रात्री दिवे गेले हे आमचं नशीब. गेले नसते तर तो जोड तापतच राहिला असता.

फ्यूजबॉक्समध्ये अजून एक नमुना निघाला. १९६७ च्या एमजीबीत फक्त दोन फ्यूज असतात. त्यातल्या एकावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली होती. आपल्याकडे घरच्या फ्यूजला जाड तार बांधतात, त्याचाच हा इंग्रज चुलतभाऊ. दुसरा फ्यूज होता ३५ अँपिअरचा, दिसायला बरोबर. पण इथे एक सापळा आहे. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा म्हणजे फ्यूज ज्या करंटला उडतो तो. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता त्याच्या निम्मी, सुमारे १७ अँपिअर. अमेरिकी पद्धतीच्या फ्यूजवर मात्र सतत वाहून नेण्याचा आकडा लिहितात. तुम्ही दुकानातून ‘३५ चा द्या’ म्हणून तसला फ्यूज आणलात, तर तो उडण्याआधी तुमची वायर जळेल. जुनी वस्तू बदलताना आकडा जुळवून भागत नाही, तो आकडा काय सांगतो ते कळावं लागतं.

दुरुस्ती त्यामानाने सोपी होती. कापलेल्या निळ्या वायरीचा भाग काढून त्याच जाडीची नवी वायर, नीट दाबून बसवलेले जोड. या गाडीत पितळेचे गोळीसारखे टोक असलेले कनेक्टर असतात, रबरी नळीत दोन्ही बाजूंनी आत सरकणारे. ते एकेक काढून बारीक ब्रशने चकचकीत केले आणि थोडं ग्रीस लावून परत बसवले. अर्थच्या प्रत्येक बोल्टखालचा पत्रा घासला. इथे पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. लागली ती नखं.

खरा बदल एकच केला. रिले. कल्पना अशी, की जड करंट जुन्या स्विचमधून आणि डिपरमधून न्यायचाच नाही. त्यांनी फक्त हुकूम द्यायचा. रिलेच्या कॉइलला अँपिअरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा करंट पुरतो. तो हुकूम मिळाला की रिले टक् करून आपला मोठा कॉन्टॅक्ट जोडतो आणि बल्बला वीज जाड, आखूड वायरीने थेट मिळते. रिलेवर चार आकडे असतात: ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ३० वर बॅटरी, ८७ वरून दिवा. लो बीमला एक, हाय बीमला एक. आणि डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा रस्ता दाखवेल. मूळची एकही वायर कापली नाही. उद्या कुणाला सगळं कारखान्यासारखं हवं असेल तर अर्ध्या तासात काढता येईल. आजोबांची अट पाळली गेली.

नंतर मोजलं. बल्बवर ११.९ व्होल्ट.

माझाही धूर निघाला

एवढं जमल्यावर मला जरा जास्तच वाटायला लागलं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू, असा बेत मी आखला. पॉइंट घासतात, त्यांची फट बिघडते, कंडेन्सर दगा देतो. त्याऐवजी झाकणाखाली मावेल असं छोटंसं मॉड्यूल येतं, बाहेरून काही दिसतही नाही. मी मागवलं, बसवलं, लाल वायर किल्लीच्या बाजूला जोडली, काळी अंगाला. किल्ली फिरवली. डिस्ट्रिब्युटरमधून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि लुकासचा तो विनोद मला नव्याने कळला.

झालं असं, की आपल्या ओळखीच्या सगळ्या गाड्यांमध्ये बॅटरीचं मायनस टोक अंगाला जोडलेलं असतं. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत उलटं आहे. प्लस अंगाला! तसं केलं की गंज कमी लागतो, असा तेव्हा समज होता. त्या वर्षाअखेरीस नवी आवृत्ती आली आणि एमजीबी मायनस अर्थवर गेली. हे मला माहीत नव्हतं का? होतं. बॅटरी सोडवताना मी स्वतः प्लसची वायर अंगावरून काढली होती. पण हाताला सवय असते, लाल म्हणजे जिवंत. ही मॉड्यूल दोन्ही प्रकारांत मिळतात. मी खोकं न वाचता नेहमीचं मागवलं. महिन्याच्या किराण्याएवढे पैसे एका सेकंदात गेले, आणि ते माझे होते.

मामा हसला नाही. ‘पॉइंट फेकले नाहीस ना? परत बसव,’ एवढंच म्हणाला. फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट ठेवून पॉइंट परत बसवले. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. ते पॉइंट अजूनही तिथेच आहेत आणि मी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

तुम्हाला अशी प्लस अर्थची गाडी कधी हाताळायला मिळाली, तर हे लक्षात असू द्या. बल्बला फरक पडत नाही, सेल्फलाही नाही. साध्या रिलेलाही नाही, पण आत डायोड असलेल्या रिलेला पडतो. पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल पंपाचं सहसा निभावतं (किल्ली फिरवल्यावर मागून येणारी त्याची टिक-टिक मला आता घड्याळासारखी वाटते), पण त्याच पंपाची नवी इलेक्ट्रॉनिक आवृत्ती उलटी जोडली तर संपली. एलईडी, रेडिओ, मोबाइल चार्जर, सगळे या यादीत. अख्खी गाडी उलटी करता येते, बरेच जण करतात. पण मग डायनॅमोला नव्याने ध्रुव द्यावे लागतात, इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात, आणि इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर उघडून आतली जोडणी बदलावी लागते. नुसत्या बॅटरीच्या वायरी उलट्या केल्या की झालं, असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

डायनॅमो की अल्टरनेटर?

यावर आमचा अजून निकाल लागलेला नाही. डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. पावसाळी रात्रीचा खर्च मांडून बघा. हेडलाइट ९, साइड आणि मागचे दिवे दोन-अडीच, इग्निशन तीन, वायपर तीन, हीटरचा पंखा तीन. वीस झाले. ब्रेक दाबलात की आणखी साडेतीन. म्हणजे जमा २२, खर्च साडेतेवीस. त्यात सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. अल्टरनेटर निष्क्रिय वेगातही चार्ज करतो, वजनाला हलका, देखभाल कमी. माझ्यातली इंजिनीअर म्हणते, बदलून टाका.

पण अल्टरनेटर बसवायचा तर आधी गाडी मायनस अर्थवर न्यायची, नाहीतर त्याचे डायोड जळणार. कटआउट वायरिंगमधून बाहेर काढायचा. जास्त करंट येणार म्हणून चार्जिंगची वायर जाड टाकायची. चार्जिंगच्या दिव्यात हौसेने एलईडी घालायचा नाही, कारण अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्या साध्या बल्बमधूनच जातो. एका भागाच्या मागे पाच भाग बदलतात. आजोबा महिन्यातून दोनदा, तासाभरासाठी गाडी काढतात. मामाचं मत डायनॅमो ठेवण्याचं, बेअरिंग आणि ब्रश बदलून. मला दोघांचंही पटतं आणि पटत नाही.

इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीत मोठे बदल केलेले नसतील, तर तिला दरवर्षीची सरकारी तपासणी माफ आहे. मालकाला सोय, पण याचा अर्थ असाही, की ती निळी वायर कुणीच तपासणार नव्हतं. आपल्याकडे २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली. ‘मूळ रूप’ या शब्दावर मी हल्ली बराच विचार करते. चांदी गुंडाळलेला फ्यूज पन्नास वर्षं जुना असेल, तर तो मूळ म्हणायचा का?

तुमच्या घरात एमजीबी नसेल. आजोबांची स्कूटर असेल, बाबांची कॉलेजातली बाइक असेल, जिचा दिवा पहिल्यापासून ‘असाच मंद आहे’. एका रविवारी मल्टिमीटर घ्या. दिवा चालू ठेवून बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या टोकांवर मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर नवा एलईडी विकत घेण्याआधी सँडपेपर घ्या आणि अर्थचा बोल्ट शोधा.

फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी आम्ही परत त्याच रस्त्याने गेलो. पाऊस नव्हता, पण अंधार तितकाच. ज्या वळणावर गवतात शिरलो होतो तिथे आजोबांनी वेग कमी केला, हाय बीम लावला. रिले टक् झाला. पुढची झाडं, कुंपण, कुंपणामागची मेंढरं, सगळं दिसत होतं. ते काही बोलले नाहीत. गाडी विकण्याचा विषय त्यांनी त्यानंतर काढलेला नाही, मीही विचारलेलं नाही.

घराच्या कोपऱ्यावर डावीकडे वळताना मात्र त्यांनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. डावा इंडिकेटर लुकलुकत नव्हता, नुसताच पेटून राहिला होता. मी म्हटलं, शनिवारी येते. अर्थ असणार.